टिटवीच्या अंड्यांवरचा मांडव

नंदाक्कांचा फोन आला तेव्हा मी मलकापूरच्या आमच्या दुकानात झालरी मोजत बसले होते. आमचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. लग्न, वास्तुशांती, बारसं, सभा, काहीही असो, मांडव आमच्या सुधाकररावांचा. सुधाकरराव म्हणजे माझे यजमान आणि नंदाक्का त्यांची थोरली बहीण. त्यांचं सासर आमच्याच जिल्ह्यात, एका तलावाकाठच्या गावात.

"मंगल, ये वं पाहाले. आपल्या वाफ्यात टिटवीनं अंडे देल्ले. चार हायेत, चार!"

ज्यांना यात काय विशेष असं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. जितकी अंडी तितके महिने पाऊस. चार असली तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत मजा. ती सखल जागी घातली की पाऊस कमी, उंचवट्यावर घातली की जोरदार. खरंखोटं मला माहीत नाही, पण चार अंडी दिसली की गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात.

"आणि तिची मस्त सोय बी केली आम्ही," अक्का म्हणाल्या. मला वाटलं, पाण्याची वाटी ठेवली असेल. या 'सोय' शब्दाकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.

मार्च संपत आला होता आणि लग्नाच्या तारखा जरा थांबल्या होत्या. मला पक्षी बघायची आवड आहे, दुर्बीणही आहे. म्हटलं, शनिवारी निघू, वाटेत एकदोन पाणवठे बघू, रात्रीला अक्कांकडे मुक्काम करू, रविवारी परत. सुधाकररावांनी आमची सामान वाहायची छोटी गाडी झाडून पुसून काढली. आमच्याकडे सहलीला जायची गाडी तीच आहे. मागे बांबू नसतील तर ती फार उडते, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

मलकापूरहून नांदुऱ्याकडे चौपदरी रस्ता झकास आहे. सकाळी लवकर निघा, कारण नंतर ट्रकांची रांग लागते आणि उन्हात डांबर भाजायला लागतं. नाश्त्याला वाटेत कचोरी आणि तळलेली मिरची खाल्ली. तिथवर माझा मूड उत्तम होता, याची नोंद घ्यावी.

मूड बिघडला तो पहिल्या थांब्यावर. तालुक्याच्या एका गावाबाहेर जुना तलाव आहे. मी लग्न होऊन या जिल्ह्यात आले तेव्हा त्याच्या काठाला बाभळी होत्या, पाणकणीस होतं आणि संध्याकाळी बगळे उतरायचे तर अख्खी बाभूळ पांढरी व्हायची. आता तिथे 'निसर्ग उद्यान' झालंय. दारावर कमान, माणशी वीस रुपये, गाडीचे वेगळे. आत गेल्यावर काय दिसावं? सिमेंटचं हरीण. सिमेंटचा बिबट्या, त्याच्या उघड्या तोंडात कचरा टाकायचा. कारंज्यामागे गुलाबी रंग दिलेले सिमेंटचे रोहित पक्षी, त्यातल्या एकाची मान मोडून आतली सळई बाहेर आलेली. बाभळी तोडून हिरवळ लावलीय आणि त्या हिरवळीवर चालायचं नाही अशी पाटी आहे. काठाला दगडी भिंत बांधून टाकल्यामुळे चिखल नाही, चिखल नाही म्हणून किडे नाहीत, आणि किडे नाहीत म्हणून त्या अख्ख्या तलावावर तारेवर बसलेला एक खंड्या सोडला तर जिवंत पाखरू नव्हतं.

तिकीट फाडणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, "पक्षी कुठे असतात?"

"तिकडे, कारंज्याच्या मांगं."

"ते सिमेंटचे. खरे?"

"खरे पहाटी येतेत कधी कधी. आपला साऊंड सुरू झाला का जातेत." आणि त्यांनी कौतुकाने खांबावरच्या कर्ण्याकडे बोट दाखवलं. कर्णा त्या वेळी 'निसर्ग वाचवा' असंच काहीतरी गाणं ओरडून सांगत होता.

निसर्ग उद्यान म्हणे! बगळ्यांचं घर मोडून त्यावर बगळ्यांचे पुतळे उभे करायचे आणि वर वीस रुपये घ्यायचे. मी तिथेच बोलायला सुरुवात केली. सुधाकरराव म्हणाले, "अवं, त्या माणसानं नाई बांधलं ते. तो तिकीट फाडते फक्त." हे खरं होतं, म्हणून मी उरलेलं गाडीत बसून बोलले. खामगाव येईपर्यंत पुरलं.

जेवण एका ढाब्यावर केलं. शेवभाजी, भाकरी, कांदा. तिखट सोसत असेल तरच मागवा, नसेल तर आधीच सांगा, नाहीतर मालक तुम्हाला इथलेच समजतो.

दुपार कलल्यावर दुसरा थांबा. एका धरणाच्या मागच्या बाजूला, जिथे पाणी उथळ होत जातं तिथे. इथे चक्रवाक अजून होते. नारिंगी रंगाची ही मोठी बदकं थंडीत येतात आणि ऊन तापलं की परत जातात. पाण्यात शिरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर पंधरावीस जणं शांत बसली होती. मी दुर्बीण लावली आणि सकाळचा सगळा राग विसरले. एक चक्रवाक मान वळवून पाठीची पिसं नीट करत होता, आणि त्याच्या शेजारची उगाच त्याला चोच मारत होती. सुधाकरराव म्हणाले, "ही तं तूच हायेस."

तेवढ्यात चिखलातून एक जीप आली. थेट पाण्याच्या कडेने. दोघेजण वर उभे, हातभर लांब कॅमेरे, अंगावर जंगलात शोभतील असे कपडे. एकाने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "घे घे, अंगावर घे! बसलेले फोटो काय करायचे? उडाले पाहिजेत!"

उडाले. सगळे उडाले. करकर ओरडत दोन घिरट्या घालून डोंगराच्या दिशेने गेले. या पाखरांना आता किती लांबचा प्रवास करायचा असतो! त्यासाठी अंगात साठवलेली चरबी या शहाण्यांनी एका फोटोसाठी खर्चायला लावली. मी चिखलात चप्पल रुतवत जीपपर्यंत गेले आणि विचारलं, की तुमच्या घरी जेवायला बसलेल्या माणसांवर कुणी गाडी घातली तर ती कशी उडतात त्याचे फोटो काढायचे का?

"मॅडम, आम्ही वाइल्डलाइफ लव्हर आहोत," एक जण दुखावल्या आवाजात म्हणाला.

यावर काय बोलायचं? मी बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अक्कांकडे पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अक्का वाट बघत दारात उभ्या होत्या. त्यांनी जेवायला कढी-गोळे केले होते, आणि बोलायला एकच विषय होता. त्यांच्या तलावाचं पाणी हिवाळ्यानंतर हटत जातं. मागे उरलेल्या गाळाच्या जमिनीत लोक वाफे करून टरबूज, काकडी लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. अक्कांच्या गाळपेरीत, टरबुजाच्या दोन ओळींमध्ये, ढेकळांच्या उंचवट्यावर टिटवीने चार अंडी घातली होती. अक्कांनी तिथले वेल उपटून बाजेएवढी जागा मोकळी सोडली होती. सासरी आल्यापासून त्यांच्या वाफ्यात चार अंडी पहिल्यांदाच आली होती. "पिल्लं निंगाले का मी गावाले रोडगे देईन," म्हणाल्या. रोडगे म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आमच्याकडचं नवसाचं गावजेवण. मग जरा थांबून, "तसे एकडाव होऊन गेले परवा. पण ते उद्घाटनाचे होते."

"कशाचं उद्घाटन, अक्का?"

"पाह्यजो नं सकाळी!" त्या हसल्या.

सकाळी बांध ओलांडून गाळपेरीत उतरलो. पायाखाली भेगाळलेली माती, दोन्हीकडे टरबुजाचे वेल, पलीकडे चमकणारं पाणी. इतकी सुंदर सकाळ होती की मी अक्कांचा हात धरून चालत होते. आणि मग मला तो दिसला.

मांडव. चार बांबू, वर हिरवी जाळी, चारही बाजूंना झेंडूच्या माळा. मागे फ्लेक्स. त्यावर गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांचे फोटो, मधोमध एका टिटवीचा, आणि मोठ्या अक्षरात 'टिटवी पॉइंट, आपले सहर्ष स्वागत'. सहा प्लास्टिकच्या खुर्च्या. रोडगे भाजलेल्या गोवऱ्यांची राख आणि उष्ट्या पत्रावळी वाऱ्याने वाफाभर पसरलेल्या. दोन बांबूंवर दोन कावळे. आणि या सगळ्या थाटाच्या खाली, हळदीकुंकू वाहिलेल्या ढेकळांमध्ये, ती चार अंडी. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. निमुळती टोकं आत करून एकमेकांना चिकटलेली.

"ऊन केवढं लागून राह्यलं त्यायले," अक्का म्हणाल्या. "लोक बी येऊन राह्यले पाहाले. कोणं तरी मोबाईलवर टाकलं नं! मंग गावानं ठरवलं, सावली तं पाह्यजे. तिले बी अन् पाव्हण्यायले बी."

"आणि टिटवी कुठंय?"

ती लांब, पाण्याच्या कडेला होती. एका जागी उभी राहत नव्हती. धावायची, थांबायची, टिवटिवटिव ओरडायची, उडून मांडवावरून घिरटी घालायची आणि पुन्हा तिथेच जाऊन उतरायची. मी खुर्ची उचलून लांब बांधापाशी नेली आणि बघत बसले. ती मांडवाजवळ दोनदा चालत आली. जाळीची सावली जिथे सुरू होते तिथे थांबली, मान वर करून कावळ्यांकडे पाहिलं आणि मागे फिरली. उघड्यावर घर करणारं पाखरू ते. चहूकडून कोण येतंय हे दिसावं म्हणून तिने ती जागा निवडली, आणि आम्ही तिच्या डोक्यावर छत घातलं आणि त्या छतावर कावळ्यांना बसायला बांबू दिले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सिमेंटच्या रोहितांवर राग काढता येतो, जीपवाल्यांवर काढता येतो. पण इथे कुणावर काढायचा? झेंडूच्या माळा ओवणाऱ्या बायांवर? त्यांनी तर जीव लावून केलं होतं सगळं. तरी काढला. उपसरपंच बाळूभाऊ पाहुणे आले म्हणून चहाची किटली घेऊन आले होते, ते समोर सापडले.

"हा मांडव आत्ताच्या आत्ता काढा."

"काऊन मामी? काही कमी पडलं का?"

मी सांगितलं, ती आत येत नाहीये, अंडी उबवली गेली नाहीत तर मरतील. बाळूभाऊंनी किटली खाली ठेवली.

"काढाले कसा येईन? रिबीन कापून उघडला. मोठ्या लोकायचे फोटो हायेत. अन् लोक येऊन राह्यले, गावाचं नाव होऊन राह्यलं, अन् तुमी म्हणता काढा?"

तोपर्यंत दहाबाराजण गोळा झाले. कुणी म्हणालं, मामीला ऊन लागलं. कुणी म्हणालं, चार महिन्याचं पाणी उन्हात भाजून काढायचं का. शहरातून मोटारीने आलेले एक गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, "मॅडम, जरा सरकता का? फ्रेममध्ये येताय."

मी मुद्दाम आणखी फ्रेममध्ये गेले.

"मंगल!" अक्कांचा आवाज चढला. "माह्या गावात येऊन माह्या लोकायले बोलतं का तू? या अंड्यासाठी मी फळं लागलेले वेलं उपटले. मी तिचं वाईट करीन का?"

"अक्का, तुम्ही तिला या मांडवाखाली बसलेली पाहिली का? एकदा तरी?"

"राती बसत असन," अक्का म्हणाल्या.

"पाहिली का?"

"नाई पाह्यली." आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझाच आवाज नकोसा झाला. त्या अंड्यांकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. पण अख्ख्या गावापुढे, गावाने केलेली सोय चुकली हे त्या कशा म्हणणार? त्यांना तिथेच राहायचं होतं.

इतका वेळ सुधाकरराव मांडवाभोवती फिरून गाठी बघत होते, जसे ते दुसऱ्याने घातलेला कुठलाही मांडव बघतात. आता ते बाळूभाऊंपाशी आले.

"भाऊ, उद्घाटन झालं म्हणता?"

"झालं नं. गुरुवारी."

"रोडगे झाले?"

"हाव. गावजेवण झालं."

"मंग कार्यक्रम झाला," सुधाकरराव म्हणाले. "मी इतक्या वर्सापासून मांडव घालून राह्यलो. कार्यक्रम झाला का मांडव उतरवा लागते. पंगत उठल्यावर मांडव उभा ठेवणं बरं नसते भाऊ. लग्नघरचा बी आपण ठेवत नाई, मंग हा कसा ठेवाचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी एवढा वेळ उष्णता, कावळे, उबवणं असं सगळं सांगून घसा कोरडा केला होता, त्याचा कुणावर काडीचा परिणाम झाला नव्हता. आणि हे वाक्य पटलं! एक म्हातारे गृहस्थ मान हलवत म्हणाले, "हाव, हे बराबर हाये. राह्यलंच कसं आपल्या ध्यानातून?" बाळूभाऊंनी डोकं खाजवलं. "फ्लेक्स?"

"फ्लेक्स तिकडे बांधावर लावून देतो, रस्त्यावरून दिसन. माह्यातर्फे."

बस. त्यांनी गाठी सोडल्या, जाळी घडी घातली, बांबू खांद्यावर टाकले. धंदेवाईक माणूस, जरा वेळात जागा साफ. अक्कांनी पत्रावळी गोळा केल्या, मी खुर्च्या उचलल्या, आणि सगळ्यांना आम्ही बांधापलीकडे हाकललं. कॅमेरेवाल्या गृहस्थांना मी स्वतः हाकललं.

बराच वेळ काही झालं नाही. मग टिटवी पाण्यात उतरली. पोट भिजेपर्यंत बसली, उठली आणि चालत निघाली. थांबली. दुसऱ्याच एका ढेकळावर जाऊन उगाच बसल्यासारखं केलं. उठली. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला होता. मग ती सरळ अंड्यांपाशी आली, त्यांच्यावर उभी राहिली, पाय मुडपले आणि ओलं, गार पोट त्या तापलेल्या अंड्यांना टेकवलं.

"माय वं," अक्का म्हणाल्या, "सावली तं तिच्या पोटातच होती."

तेवढ्यात डोक्यावर घरघर सुरू झाली. कॅमेरेवाल्या गृहस्थांनी ड्रोन सोडला होता. मी तोंड उघडायच्या आत अक्का बांधावरून धावल्या. हातात ढेकूळ. "उतरव ते! उतरव म्हणते नं! नाई तं हे तुह्या काचेवर घालीन!" ढेकूळ गाडीच्या काचेवर रोखलेलं होतं आणि अक्कांचा नेम गावात प्रसिद्ध आहे. ड्रोन उतरला. गाडीही गेली.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. अक्कांनी दोन टरबुजं दिली. बाळूभाऊ निरोपाला आले, पण माझ्याशी नाही, सुधाकररावांशीच बोलले. वाटेत मी यांना विचारलं, "पंगत उठल्यावर मांडव ठेवू नये, हे खरंच कुठे सांगितलंय का?"

"मले काय माहीत," ते म्हणाले. "पण भाडं दुसऱ्या दिवसाचं लागते हे खरं हाये."

घरी येऊन हे लिहायला बसले तेव्हाही राग गेला नव्हता. काही वाचकांना वाटेल की बाई सहलीला गेल्या आणि भांडून आल्या. खरं आहे. आपल्या जिल्ह्यात बघण्यासारखं इतकं आहे, आणि ते आहे तसं बघणं आपल्याला जमत नाही. त्याला कमान हवी, कर्णा हवा, मांडव हवा, किंवा ते उडायला तरी हवं. माझा अनुभव एवढाच, की लांब बांधावर बसा आणि गप्प राहा. गप्प राहणं मला जमत नाही, ते सोडा.

तिथे कसं जायचं हे विचारू नका. मागच्या एका लेखाखाली 'लोकेशन पाठवा' म्हणून किती जणांनी लिहिलं होतं! नाही पाठवणार. गावाचं नाव, तलावाचं नाव, काही नाही. रागवायचं असेल तर रागवा, मला सवय आहे.

हे सगळं टाकणारच होते, तर आज अक्कांचा फोन आला. पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, निघाल्या निघाल्या चालायला लागली आणि टरबुजाच्या वेलांत दडली. पण तीनच. चौथं अंडं तसंच राहिलं.

"गावात काय म्हणून राह्यले माहीत हाये का?" अक्का म्हणाल्या. "म्हणतेत, मामीनं मांडव काढला, सप्टेंबरचं पाणी गेलं."

"म्हणजे तीन जगली ती कुणामुळे?"

"ते तं मांडवाची पुण्याई म्हणतेत."

मी जे काही बोलले ते अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी नाई म्हणत वं तसं. ते अंडं मी अजून उचललं नाई. ती अजून येते त्याच्यापाशी. तिची आशा सुटेपर्यंत मी तिथे कुदळ लावत नाई."

मी समोरची झालर उगाच पुन्हा मोजायला घेतली.

"काऊन वं, आता काऊन गप बसली?" त्या म्हणाल्या. "अन् आयक, सप्टेंबरात तुमी दोघं इकडेच या. पाणी आलं नाई, तं बोलाले मले माणूस लागन."